चॅटबॉटच्या नावाआधी ‘डॉ.’ लिहायला सांगितलंय, काय करू?

प्रश्न : मी आरोग्याशी संबंधित अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत मराठी मजकुराचं काम बघते. काही महिन्यांपूर्वी आम्ही अ‍ॅपमध्ये चॅटबॉट आणला. त्याला एका बाईचं नाव दिलंय, नावाआधी ‘डॉ.’, संगणकाने बनवलेला पांढऱ्या कोटातला फोटो आणि फोटोखाली ‘14 वर्षांचा अनुभव’. बॉटला द्यायच्या मराठी सूचना मीच लिहिल्या. त्यात एक ओळ अशी आहे : ‘तू माणूस आहेस का, असं कुणी विचारलं तर विषय बदल.’ गेल्या आठवड्यात चॅट तपासताना एका बाईंचा संवाद वाचला. त्यांनी विचारलं होतं, ‘डॉक्टर, आता बरं वाटतंय, डिप्रेशनच्या गोळ्या बंद केल्या तर चालेल का?’ बॉटने उत्तर दिलं, ‘माझ्या बऱ्याच पेशंट्सनी बंद केल्या, कुणाला काही त्रास झाला नाही.’ मी ते साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, खाली डिस्क्लेमर आहे ना, की हा वैद्यकीय सल्ला नाही. ती ओळ इंग्रजीत आहे, बारीक आणि राखाडी. अ‍ॅपची वर्गणी भरावी लागते आणि अमेरिकेतली मराठी मंडळीही ते वापरतात. आता याच धर्तीवर वकिलाचा आणि गुंतवणूक सल्लागाराचा बॉट करायचं ठरतंय. ती एक ओळ पुरेशी आहे का? कुणाला काही झालं तर जबाबदार कोण : कंपनी, मॉडेल (म्हणजे बॉटमागची कृत्रिम बुद्धिमत्ता) पुरवणारे की मी? आणि नोकरी न घालवता मला काय करता येईल? (नाव छापू नये.)

उत्तर : कायद्याचं जरा वेळाने बोलू. आधी त्या बाईंच्या गोळ्यांचं बघा, ते काम उद्यावर ढकलण्यासारखं नाही.

नैराश्यावरची औषधं परस्पर थांबवली तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, कमालीची बेचैनी असा त्रास होऊ शकतो आणि बरा होत आलेला आजार उलटू शकतो. औषध कधी आणि किती कमी करायचं, हे कोणतं औषध आहे, मात्रा किती आहे आणि ते किती काळ चालू आहे, यावर ठरतं. ते ठरवायचं ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच. म्हणून त्या बाईंना आजच्या आज कंपनीतल्या एखाद्या माणसाच्या नावाने साध्या मराठीत निरोप गेला पाहिजे : ‘तुम्हाला मिळालेलं उत्तर संगणकाने तयार केलेलं होतं, ते डॉक्टरांचं नव्हतं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. केल्या असतील तर ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांशी लगेच बोला.’ कुणीतरी म्हणेल की असं लिहिणं म्हणजे चूक लेखी कबूल करणं. पण धोका कळल्याची नोंद आता तुमच्या साहेबांकडे आहेच. कळूनही गप्प बसलो, हे पुढे कोणत्याही न्यायाधीशासमोर सांगणं त्या कबुलीपेक्षा कितीतरी जड जाईल. असाच प्रश्न आणखी कुणी विचारला होता का, हेही जुन्या संवादांतून शोधायला सांगा.

आता मूळ प्रश्न. त्या उत्तरातले ‘माझ्या बऱ्याच पेशंट्सनी’ हे शब्द मला सर्वांत जास्त खटकले. गोळ्यांबद्दलची माहिती चुकीची होती, हा एक दोष झाला. माहिती पुस्तकातही चुकते. पण इथे अस्तित्वात नसलेल्या डॉक्टरने अस्तित्वात नसलेल्या रुग्णांचा दाखला देऊन एका आजारी बाईला निर्धास्त केलं. त्या बाईंनी ‘डॉक्टर’ अशी हाक मारली होती, म्हणजे आपण कुणाला विचारतोय याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. ही खात्री तुमच्या कंपनीने ठरवून निर्माण केली, फोटोने, अनुभवाच्या आकड्याने आणि विषय बदलायला सांगणाऱ्या त्या ओळीने. कायदा नेमका तिथेच बोट ठेवतो.

डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल या व्यवसायांना परवाना का लागतो ते बघा. परवान्यामागे एक नोंदवही असते आणि तिच्यात एका हाडामांसाच्या माणसाचं नाव असतं. डॉक्टर चुकला तर रुग्ण वैद्यक परिषदेकडे तक्रार करतो, चौकशी होते, नाव ठरावीक मुदतीसाठी किंवा कायमचं काढून टाकता येतं. तुमच्या बॉटचं नाव कोणत्याच नोंदवहीत नाही, त्यामुळे ते काढून टाकण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला शिक्षा नाही, लाज नाही, आठवणही नाही. म्हणूनच राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2019 च्या कायद्याचं कलम 34 सांगतं की नोंदणी नसलेल्या व्यक्तीला डॉक्टर म्हणून व्यवसाय करता येणार नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालय 1996 पासून सांगत आलंय की स्वतःच्या शाखेबाहेरचं औषध देणाऱ्या डॉक्टरचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही, ती कृतीच निष्काळजीपणा. 1996 च्या त्या खटल्यातल्या डॉक्टरकडे निदान होमिओपॅथीची पदवी तरी होती.

आणि चॅटबॉटपुरतं बोलायचं तर नियम याहून थेट आहे. 25 मार्च 2020 ला आलेल्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-इंटरनेटवरून वैद्यकीय सल्ला देण्याच्या, मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मला रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची परवानगी नाही. तंत्रज्ञानाने डॉक्टरला मदत करावी, पण रुग्णाशी बोलायचं ते नोंदणीकृत डॉक्टरनेच. प्लॅटफॉर्मवर जो डॉक्टर दिसतो त्याचं नाव, पात्रता आणि नोंदणी क्रमांक ग्राहकाला कळला पाहिजे, अशीही जबाबदारी तिथे प्लॅटफॉर्मवर टाकलीय. तुमच्या स्क्रीनवरच्या त्या ‘डॉ.’ बॉटचा नोंदणी क्रमांक काय लिहिणार? हा प्रश्न मीटिंगमध्ये नक्की विचारा.

डिस्क्लेमरवर साहेबांचा एवढा भरवसा आहे, तेव्हा त्याबद्दल सविस्तर लिहिते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात डिस्क्लेमरला एक मर्यादा घातलीय. दाव्याचा अर्थ स्पष्ट करण्यासाठी, तो थोडा विस्ताराने सांगण्यासाठी डिस्क्लेमर वापरता येतो. मुख्य दाव्याच्या उलट काही सांगण्यासाठी किंवा दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करण्यासाठी तो वापरता येत नाही. शिवाय दावा ज्या भाषेत, डिस्क्लेमर त्याच भाषेत आणि त्याच टंकात हवा. तुमच्याकडे वर ‘डॉ.’ आणि ‘14 वर्षांचा अनुभव’ मराठीत ठळक, आणि खाली ‘हा वैद्यकीय सल्ला नाही’ इंग्रजीत, राखाडी. उलट सांगणारा, दुरुस्त करू पाहणारा, वेगळ्या भाषेतला आणि वेगळ्या टंकातला! त्या तत्त्वांतल्या जवळपास प्रत्येक अटीत तो नापास होतो.

‘ही काही जाहिरात नव्हे, हे चॅट आहे,’ असं उत्तर येईल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधली जाहिरातीची व्याख्या वाचायला सांगा. इंटरनेटवर केलेलं कोणतंही दृक्-श्राव्य निवेदन किंवा सादरीकरण तिच्यात येतं, आणि वर्गणी भरायला लावणारं प्रोफाइल त्याच्या बाहेर ठेवणं कठीण आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर 50 लाखांपर्यंत. आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रातून कळली म्हणून सांगते : या कायद्यात पूर्णपणे मोफत दिलेली सेवा ‘सेवा’ धरली जात नाही. तुमच्याकडे वर्गणी आहे. म्हणजे सेवेतली त्रुटी आणि नुकसानभरपाई यांसाठी ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे.

अमेरिकेतल्या वापरकर्त्यांचा उल्लेख तुम्ही सहज केलाय, पण कंपनीच्या दृष्टीने तो सर्वांत महाग मुद्दा ठरू शकतो. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2026 पासून एबी 489 हा कायदा लागू आहे. आरोग्य व्यवसायाचा परवाना असल्याचं सुचवणारी पदवी, अक्षरं किंवा शब्द कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने किंवा तिच्या जाहिरातीने वापरायचे नाहीत, आणि जबाबदारी ती प्रणाली बनवणाऱ्याची आणि वापरात आणणाऱ्याची. असा प्रत्येक वापर हा वेगळा भंग धरला जातो. इलिनॉय राज्याने ऑगस्ट 2025 मध्ये मानसोपचार परवानाधारक माणसानेच द्यायचा असा कायदा केला, दंड प्रत्येक भंगामागे 10,000 डॉलरपर्यंत. न्यूयॉर्कच्या सिनेटमध्ये 2025 साली मांडलेल्या एका विधेयकात तर साहेबांच्या युक्तिवादाला थेट उत्तर आहे : परवानाधारकाची जागा घेणाऱ्या चॅटबॉटमुळे नुकसान झालं, तर ‘तुम्ही यंत्राशी बोलत आहात’ एवढी सूचना दिल्याने मालकाची जबाबदारी टळणार नाही. विधेयक म्हणजे कायदा नव्हे, हे खरं. पण वारा कुठून वाहतोय ते त्यावरून कळतं.

मग जबाबदार कोण? पहिली कंपनी, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. ‘बॉट काय बोलेल ते आमच्या हातात नसतं’ हा बचाव कॅनडात एकदा करून झालाय. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला नातेवाइकाच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. प्रवासी न्यायाधिकरणात गेला. चॅटबॉट स्वतंत्र आहे आणि त्याच्या कृत्यांना तोच जबाबदार, असं म्हणण्यापर्यंत कंपनीचा युक्तिवाद गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला. चॅटबॉट हा वेबसाइटचाच भाग आहे आणि वेबसाइटवरच्या सगळ्या माहितीची जबाबदारी कंपनीची, मग ती साध्या पानावर असो की चॅटमध्ये. तिथे बॉटने कुणाचं सोंगही घेतलं नव्हतं.

भारतात कंपन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 चा आधार शोधतात, की आम्ही फक्त मध्यस्थ, मजकूर दुसऱ्याचा. दुसऱ्याने टाकलेली पोस्ट दाखवणाऱ्याला ते संरक्षण आहे. इथे बॉटचं नाव, पद, अनुभव आणि सूचना सगळं कंपनीने स्वतः लिहून घेतलंय. त्याला दुसऱ्याचा मजकूर कसं म्हणणार?

मॉडेल पुरवणाऱ्यांवरही दावे होऊ लागलेत. अमेरिकेत एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या आईने कॅरेक्टर.एआय हे चॅटबॉटचं अ‍ॅप चालवणाऱ्या कॅरेक्टर टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खटला भरला. अ‍ॅपमधला बॉट स्वतःला परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञ म्हणवत होता, हा तिच्या आरोपांपैकी एक. मे 2025 मध्ये फ्लोरिडातल्या संघीय न्यायालयाने खटला सुरुवातीलाच मोडीत काढायला नकार दिला आणि बॉटचं बोलणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा बचाव त्या टप्प्यावर मान्य केला नाही. युरोपीय संघाच्या 2024 च्या उत्पादन-दायित्व निर्देशानुसार सॉफ्टवेअर हेही ‘उत्पादन’ आहे. पण पुरवठादारावर बोट दाखवून तुमच्या कंपनीची सुटका व्हायची नाही. उलट, मोठे पुरवठादार आपल्या अटींमध्येच हे बंद करत आणतायत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या वापर-धोरणात, परवाना लागतो असा वैयक्तिक वैद्यकीय किंवा कायदेशीर सल्ला परवानाधारकाच्या योग्य सहभागाशिवाय देण्यावर बंदी आहे. तुमचं मॉडेल कुणाचं आहे ते बघा आणि त्याच्या अटींतलं ते पान छापून साहेबांच्या टेबलावर ठेवा. कराराचा भंग होतोय म्हटलं की बऱ्याच लोकांना ऐकू येतं.

आता तुम्ही. पगारी नोकराने कामाच्या ओघात केलेल्या गोष्टीची भरपाई साधारणपणे मालकाकडूनच मागितली जाते. ग्राहक आयोगात नोटीस जाईल ती कंपनीला. फौजदारी बाजू मात्र वेगळी आहे आणि ती तुमच्यापासून लपवणं योग्य होणार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 319 तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल आहे. त्यात स्पष्टीकरण जोडलंय : ज्याचं सोंग घेतलं ती व्यक्ती खरी असो की काल्पनिक, गुन्हा होतोच. संगणकाच्या साह्याने हेच केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. या गुन्ह्यांत फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, म्हणून नुसत्या ‘डॉ.’वरून तुम्हाला उद्या कुणी अटक करेल अशी भीती बाळगू नका. पण ‘माणूस आहेस का विचारलं तर विषय बदल’ ही ओळ हेतूचाच पुरावा आहे आणि ती तुमच्या हातची आहे. साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिलं, हा गुन्ह्याच्या बाबतीत बचाव होत नाही. धोका कळण्याआधी तुम्ही काय लिहिलंत आणि तो कळल्यानंतर काय केलंत, यात पुढे मोठा फरक पडेल.

म्हणून ती ओळ आधी बदला. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत असेल तर परवानगी ई-मेलने मागा. नवी ओळ अशी काहीतरी असू दे : ‘तू माणूस आहेस का किंवा डॉक्टर आहेस का, असं कोणत्याही शब्दांत विचारलं तर लगेच सांग की मी संगणक-कार्यक्रम आहे, डॉक्टर नाही.’ नुसतं लिहून थांबू नका, तपासा. लोक सरळ ‘तुम्ही बॉट आहात का’ असं विचारत नाहीत. ‘मॅडम, तुमचा दवाखाना कुठे आहे’, ‘तुम्ही एमडी का’, ‘मला प्रत्यक्ष भेटायला येता येईल का’, ‘तुम्हाला पण मुलं असतील ना’ असं विचारतात. सूचना इंग्रजीत नीट पाळणारा बॉट मराठीत घसरू शकतो. काही बॉट तर परवाना क्रमांक विचारला की तो मनाने रचून देतात. 2025 मध्ये अमेरिकेत अशी उदाहरणं उघड झाली. हे सगळं मराठीतून तपासणारी व्यक्ती तुमच्या कंपनीत बहुधा तुम्हीच आहात.

‘डॉ.’, कोट, अनुभवाचा आकडा हे जायला हवं. नाव ठेवायचं तर ठेवा, पदवीशिवाय. ‘माझा अनुभव’, ‘माझे पेशंट’, ‘मी तुम्हाला लिहून देते’ हे शब्द बंद. औषध सुरू करणं, थांबवणं, मात्रा बदलणं आणि स्वतःला इजा करण्याचे विचार, हे विषय आले की बॉटने उत्तर न देता माणसाकडे पाठवायचं, आणि त्या दुसऱ्या टोकाला खरंच माणूस हवा. कंपनी म्हणाली की आमच्या सल्लागार मंडळावर डॉक्टर आहेत, तर उत्तम. त्यांच्यापैकी जे उत्तरं प्रत्यक्ष बघून संमत करतील त्यांचं खरं नाव आणि नोंदणी क्रमांक लावा. किती जण तयार होतात ते बघा. आपलं नाव लागलं की जबाबदारी आपली, हे डॉक्टरांना पक्कं माहीत असतं.

वकील आणि गुंतवणुकीच्या बॉटबद्दल थोडक्यात. वकिली करण्याचा हक्क 1961 च्या अधिवक्ता कायद्याने नोंदणीकृत वकिलांनाच दिलाय, आणि कोर्टाबाहेर मत देणं, मसुदे करणं हेही वकिलीतच मोडतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. अमेरिकेत डूनॉटपे ही कंपनी स्वतःच्या सेवेला ‘जगातला पहिला रोबोट वकील’ म्हणत होती. त्या सेवेची उत्तरं खऱ्या वकिलाच्या तोडीची आहेत का, हे तिने तपासलंच नव्हतं, असं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेचं म्हणणं पडलं आणि सप्टेंबर 2024 मध्ये 1,93,000 डॉलरची तडजोड जाहीर झाली. गुंतवणुकीत शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी तर अजिबात सैल नाही. मोबदला घेऊन सल्ला द्यायचा तर 2013 च्या नियमांखाली नोंदणी हवी, आणि डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत सल्लागारानेही कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली तर तिच्या उत्तरांची जबाबदारी पूर्णपणे त्याची. हे दोन्ही बॉट सुरू होण्याआधीच थांबवता येतील, तेव्हा त्यांच्याबद्दलचा आक्षेप आत्ताच नोंदवा.

नोकरीचं. तोंडी वाद घालू नका, चिडून तर नकोच. साहेबांना एक छोटा ई-मेल लिहा, त्यांच्या वरच्यांना आणि कायदा विभाग असेल तर त्यालाही प्रत. अमुक तारखेला अमुक संवाद निदर्शनास आणला, त्यात हा धोका दिसतो, 2020 च्या टेलिमेडिसिन सूचना आणि 2022 ची डिस्क्लेमरची तत्त्वं याच्या आड येतात, मी हा पर्यायी मजकूर सुचवते आहे, कृपया लेखी कळवा. आरोपाची भाषा नको, ‘फसवणूक’ हा शब्दही नको. पर्याय तयार करून दिलात की तुम्ही अडवणूक करताय असं म्हणणं अवघड जातं. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर कुणीतरी शहाणा माणूस जागा होतो, कारण कंपनीतल्या प्रत्येकालाच आपलं नाव त्या ई-मेलच्या साखळीत दिसू लागतं. उत्तर आलंच नाही, किंवा ‘आहे तसंच ठेवा’ असं लेखी आलं, तर त्या बॉटच्या सूचना तुम्ही पुढे लिहू नका आणि तसं कळवा. तिथपर्यंत गेलं तर नोकरीविषयक काम करणाऱ्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा. राजीनामा द्यायचाच झाला तर त्यांना विचारून, कारण राजीनाम्यात काय लिहिता यालाही महत्त्व आहे.

पुराव्याबद्दल मात्र सावध राहा. तुमचे स्वतःचे ई-मेल, तारखा, तुम्ही कधी कुणाला काय दाखवलंत याची नोंद, एवढं जपून ठेवा. त्या बाईंचा किंवा दुसऱ्या कुणाचाही संवाद फोटो काढून, फॉरवर्ड करून घरी नेऊ नका, मैत्रिणीला दाखवायलाही नको. ती एका रुग्णाची खासगी माहिती आहे आणि ती बाहेर नेल्यास उद्या कंपनीच तुमच्यावर उलटेल. संवादाचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा. न्यायालयाला किंवा आयोगाला तो हवा असेल तर तो सादर करायचा आदेश ते कंपनीला देऊ शकतात.